कात्री खुंटीवर होती

लहान मुलांच्या कपड्यांसाठी गल्ली मास्तरांशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसे. मास्तर शिवणीच्या आत चांगली दोन बोटं माया सोडायचे, झग्याचा घेर आत दुमडून ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर ओठांतल्या टाचण्या न काढताच म्हणायचे, "बाई, पोर म्हणजे काय खांब आहे? आज अंगाबरोबर शिवलं तर चार महिन्यांत पोर वर आणि झगा खाली. कापड मागून सोडवता येतं. पोरीला कुठून सोडवणार?"

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे पडदा. पडद्याच्या पुढे मास्तर आणि त्यांचं पायमशीन. पडद्याच्या मागे त्यांची बायको, दोन मुली आणि मास्तरांची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला म्हणून ही बहीण भावाच्या आधाराला आली, आणि हळूहळू भावाचं घरच तिच्या आधाराने चालू लागलं. मुली तिला आत्या म्हणायच्या. पुढे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली, आणि गल्लीतल्या बायकांची निम्मी भांडणं तिच्यासमोर मिटू लागली.

थोरली मुलगी तेरा वर्षांची. शाळेत नाव काही का असेना, हाक एकच, भिंगरी. ती चालत कुठे गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. उंबरा असेल तर उडी, जिना असेल तर दोन पायऱ्या एकदम. दुपारी बापाच्या कामाची काजं करायला बसली, की सुईबरोबर गळाही चालायचा. आईकडून उचललेलं गाणं होतं ते:

वाढ वाढ गं वेली, भिंत ओलांडून जा गं,
पलीकडच्या उन्हाला माझं नाव सांग गं.

दोन्ही ओळी ती एका दमात म्हणायची. धाकटी बहीण सात वर्षांची. तिचा दम मधेच तुटायचा.

"मेलीस! भिंतीवरच मेलीस!" भिंगरी टाळ्या पिटायची. "ऊन दिसलंच नाही तुला!"

"तुझं पोट मोठं आहे," धाकटी रुसायची.

"पोट नाही गं वेडे, छाती. छातीत भरायचा वारा. हे बघ, अशी."

त्या दिवशी मास्तरांना निळं रीळ हवं होतं. रिळं वरच्या फळीवर. भिंगरीने स्टूल ओढलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते पायाने बाजूला सारलं, टाचा उचलल्या आणि हात वर केला. बोटं फळीला लागली.

"पोचला! बाबा, हात पोचला माझा! स्टुलाशिवाय!"

मास्तर हसले. आईही पडद्याआडून हसली. आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. तिने भाचीला खालून वर पाहिलं, पुन्हा वरून खाली पाहिलं.

"पोचला ना?" ती म्हणाली. "मग झालं." आणि भावाकडे वळून, "अरे, उद्या एक अस्तर शिवायला घे."

"अक्का, इतक्यात?"

"मग काय, पोर दारात मावेनाशी झाल्यावर?"

आईचं हसू जिथल्या तिथे विझलं.

*

चारचौघांत त्याला 'अस्तर' म्हणत. बायका आपसांत 'कसणी' म्हणत. पुरुष काहीच म्हणत नसत, कारण पुरुषांनी ती कधी कुणाच्या अंगावर पाहिलेली नसे. शिवणाऱ्या मास्तरांनीसुद्धा.

जाड कॅनव्हासची, बिनबाह्यांची, काखेपासून कमरेपर्यंत. पाठीवर दोन्ही काठांना भोकं आणि भोकांतून ओवलेली दोरी. मुलगी वाढीला लागली की ती अंगावर चढायची, ती लग्न होऊन जाईपर्यंत. झोपेतही. अंघोळीपुरती सैल व्हायची, तेवढीच. कसणीतली पोर लोकांच्या डोळ्यांवर येत नाही, असं म्हणत. ती धावत नाही, आवाज चढवत नाही, उलटून बोलत नाही, हसताना दात दाखवत नाही. म्हणणं खोटं नव्हतं. ज्याला श्वास पुरत नाही, तो उलटून काय बोलणार?

नियम दोनच. गाठ जिने मारली तिनेच सोडायची. आणि कसणीला कात्री लावायची नाही. दोरीला कात्री लागली, की घराच्या अब्रूला लागली.

लेकरांच्या झग्यात दोन बोटं माया सोडणारे मास्तर कसणीत सुतभरही सोडत नसत. मेण लावलेला दोरा, दुहेरी टीप. मास्तरांची कसणी उसवली असं गल्लीत कधी झालं नव्हतं, आणि त्याचा त्यांना, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत आत्याने भिंगरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"श्वास सोड."

भिंगरीने सोडला. आत्याने तिच्या पाठीत गुडघा रोवला आणि दोरी ओढली.

"आता घेते," भिंगरी म्हणाली.

"घे की. मावेल तेवढा घे."

भिंगरीने घेतला. तो गळ्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. तिने चमकून आईकडे पाहिलं, जणू कुणी तिचंच काही तिच्यादेखत पळवलं होतं. "आई, आत जात नाहीये."

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिची स्वतःची डावी फासळी आत दबलेली होती. कूस बदलताना अजून टोचायची. एके काळी तीही ते गाणं एका दमात म्हणायची. मुलीला शिकवलं तेव्हा मात्र अर्ध्या अर्ध्या ओळीनेच शिकवलं होतं.

"अंगवळणी पडतं, बाळा," ती भांड्याशी बोलल्यासारखं बोलली.

*

अंगवळणी पडायला भिंगरी कबूल नव्हती. शाळेत धावण्याची शर्यत होती आणि खेळाच्या बाईंनी तिचं नाव आधीच घालून ठेवलं होतं. तिने बापाच्या टेबलावरची धागे तोडायची छोटी कात्री दप्तरात टाकली. शाळेच्या मागच्या बाजूला तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीसमोर ती पाठ करून उभी राहिली. मैत्रीण म्हणजे बेकरीवाल्याची थोरली. तिच्या अंगातही कसणी होतीच.

"काप."

"अगं, आत्या जिवंत सोडतील का?"

"शर्यतीपुरती जिवंत राहिले तरी पुरे. काप गं!"

मैत्रिणीने कापली. कॅनव्हास ढिला पडला आणि भिंगरीच्या छातीत एवढा वारा शिरला, की तिला आधी रडूच आलं. मग ती धावली. पहिली आली, हे सांगायला हवं का? घरी आली ती गल्लीच्या टोकापासून ओरडत, "पहिली! मी पहिली!" आणि नेहमीसारखी उंबऱ्यावरून उडी.

आत्याने पाठीवर हात फिरवला. दोरीची टोकं तिच्या बोटांना लागली.

"कुणी कापली?"

"मीच."

"पाठीमागची? तुला पाठीला हात फुटलेत?"

तिने नाव घेतलं नाही. ते शेवटपर्यंत घेतलं नाही. पण आत्याला गल्ली पाठ होती. तिने बेकरीवालीला निरोप धाडला: पोरीला घेऊन ये, आणि येताना चारजणींना सांग.

बायका आल्या. मागच्या खोलीत मास्तरांचं कापड बेतायचं टेबल ओढून आणलं गेलं. त्यावर भिंगरीला उभं केलं, नव्या दोरीसकट.

"हिला पुढे जायची हौस आहे," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी मिळून जरा मागे ओढा."

एकेका बाईने एकेक पीळ दिला. कुणी नजर चुकवून, कुणी मन लावून. एक म्हणाली, "आम्ही काय मेलो का कसणीत?" दुसरी म्हणाली, "पायात वारं शिरलं की पोरी उंडारतात." बेकरीवालीने आपला पीळ दिला आणि मग लेकीला पुढे ढकललं.

"आता तू."

"आई, मी नाही."

"कापायला हात चालले ना? मग ओढायलाही चालू देत."

मैत्रिणीने दोरी धरली. भिंगरीने मान वळवली आणि ओठ न हलवता म्हणाली, "ओढ गं. नाहीतर तुलाही इथे चढवतील."

तिने ओढली.

पडद्याच्या पुढे मास्तरांनी मशीन सुरू केलं होतं. पाय जोरजोरात चालत होते, चाक गरगरत होतं, सुई वरखाली होत होती. सुईखाली कापड नव्हतं.

त्याच आठवड्यात भिंगरीची शाळा कायमची सुटली. मास्तरांनी नवी कसणी शिवली, आधीपेक्षा घट्ट.

*

यानंतर जे झालं त्याला गल्लीत 'पोर सुधारली' असं म्हणत.

वाढत्या वयात देहाबरोबर मनही वाढत असतं. ते विचारतं, भांडतं, चुकतं, आपलं आपण ठरवून पाहतं. बरं काय, वाईट काय, याची पारख मूल याच वयात स्वतःच्या हाताने करून बघतं. भिंगरीला पारख तयार मिळाली: आत्या खूश ती चांगली, आत्या नाखूश ती वाईट. तिने ती घेतली. दुसरं घ्यायला छातीत जागाच नव्हती.

ती हळू चालायला लागली. खांदे पुढे, पाठ किंचित वाकलेली. उंबऱ्याशी आली की थांबायची, एक पाय, मग दुसरा पाय. बायका आपापल्या मुलींना आणून दाखवायच्या, "बघा, शिका काहीतरी. हीच ती बरं का, पूर्वीची वावटळ!" आत्या तिच्या केसांवरून हात फिरवायची, आणि त्या हातासाठी भिंगरी काहीही करायला तयार झाली. मैत्रीण एकदा दारात आली, तर ही आतूनच म्हणाली, "मी बाहेर येत नसते."

एके दिवशी धाकटी कशावरून तरी खदाखदा हसत होती. भिंगरीने तिच्या दंडाला चिमटा काढला, काळानिळा होईपर्यंत.

"हळू हस. दात दिसतात."

"पण तूच तर..."

"मी तेव्हा वाईट होते."

धाकटीने दंड चोळत विचारलं, "ते गाणं म्हण ना."

भिंगरीने तोंड उघडलं. "वाढ वाढ गं..." इथेच खोकला आला. तो सुरू झाला, तो राहिलाच. आधी कोरडा, मग ओला. हिवाळा सरला तरी खोकला सरला नाही. ओठांचा रंग उतरला. नखं निळसर दिसू लागली.

आई म्हणाली, "वन्सं, डॉक्टरीणबाईंना दाखवून आणते."

"आणि त्या म्हणाल्या कपडे काढ, तर? परक्या बाईपुढे कसणी सोडणार? अगं, गुळण्या कर म्हणावं. या वयात पोरींना खोकल्याची सवयच असते. लक्ष वेधायला."

भिंगरी लगेच म्हणाली, "आई, मला काही होत नाहीये." आणि आत्याकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, असं.

*

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांकडे गेली होती. जाताना सकाळी गाठ मारून गेली, संध्याकाळपर्यंत येते म्हणाली. दुपारी भिंगरीचा ताप चढला. ती भिंतीला टेकून बसली, कारण आडवं झालं की श्वास राहत नव्हता. बसूनही तो वरच्यावरच चालला होता, उघड्यावर टाकलेल्या मासळीसारखा. गळ्याच्या खळगीत दर श्वासाला खड्डा पडत होता.

आईने पाठीवर हात नेला. गाठ घामाने भिजून फुगली होती. नख शिरेना.

ती दुकानात गेली. मशीनच्या वर, खुंटीवर, मास्तरांची मोठी कात्री टांगलेली होती. दहा पदरी कापड एका दाबात कापणारी. आईने ती काढली. मास्तरांनी पाहिलं आणि मान खाली घातली. नको म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत.

आई मागच्या खोलीत आली. कात्रीचं थंड पातं मुलीच्या पाठीला लागलं.

भिंगरीने हात मागे वळवून आईचं मनगट धरलं. एवढ्या तापातही केवढी पकड होती ती.

"नको. आई, कात्री नको."

"बाळा, तुला दम..."

"आत्या येऊ दे. पुन्हा... टेबलावर... उभं करतील." प्रत्येक शब्दासाठी ती थांबत होती. "आता मी... चांगली आहे ना? आत्या... सगळ्यांना सांगते. मला वाईट... करू नको ना, आई."

आईच्या हातात कात्री होती. समोर दोरी होती. मधे एवढंसं लेकराचं मनगट होतं, आणि त्या मनगटामागे आत्या होती, टेबलाभोवतीच्या बायका होत्या, आईची स्वतःची दबलेली फासळी होती, तिच्या आईची होती. आईने कात्री बाजूला घेतली. उठून दुकानात गेली आणि ती परत खुंटीवर टांगली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "वन्संना घेऊन या. पळा."

मास्तर पळाले. धाकटी बहिणीच्या पायाशी बसली होती. तिला वाटलं, ताईला बरं वाटावं म्हणून काहीतरी करावं. तिने गाणं म्हटलं. पहिल्यांदाच तिचा दम तुटला नाही, भिंत ओलांडून ती थेट उन्हापर्यंत पोचली.

"ताई, जमलं! ऐकलंस?"

ताईचे डोळे उघडे होते. तिने ऐकलं असावं.

आत्या आली तेव्हा उंबऱ्यातच तिच्या पायातला एक जोडा निसटला. ती धापा टाकत गाठीवर तुटून पडली. नखांनी ओढलं, दातांनी ओढलं. "सुटतंय, सुटतंय, थांबा," म्हणत राहिली. आईने एकदा पडद्यापलीकडच्या खुंटीकडे पाहिलं, तर आत्या ओरडली, "कात्री नको! सुटतंय म्हणते ना!" तिचं एक नख उखडलं, दोरीला रक्त लागलं. शेवटी गाठ सुटली. दोरी भोकाभोकांतून सरसर निघाली. कॅनव्हास दोन बाजूंना पडला. एवढ्या महिन्यांनी छाती मोकळी झाली.

त्यात जायला श्वास आला नाही.

*

तिला पोचवून आल्यावर गल्ली रीतीप्रमाणे दारात बसली. "छातीत पाणी झालं होतं म्हणे." "दैवापुढे कुणाचं चालतं?" "पण पोर गेली ती स्वच्छ गेली हो. शेवटपर्यंत कात्री लावू दिली नाही!" हे शेवटचं वाक्य हळूहळू सगळ्यांच्या तोंडी झालं. ते ऐकून आणखी दोघीतिघींनी आपल्या मुलींच्या दोऱ्या आवळल्या.

दुःखाचे दिवस सरले तशी बेकरीवाली दुकानाच्या काउंटरशी आली. आधी डोळे पुसले, मग आवाज खाली आणला.

"मास्तर, वेळ बरी नाही, कळतं मला. पण आमचीची कसणी ढिली पडलीय. नवी करून द्या. तुमच्यासारखी टीप दुसऱ्या कुणाला जमत नाही."

मास्तरांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला.

पडदा बाजूला झाला. आई बाहेर आली. तिने नवऱ्याच्या गळ्यातली टेप काढून घेतली, नीट गुंडाळली आणि स्वतःच्या मुठीत ठेवली.

"माझी पोर कशाने गेली, विचार मला," ती म्हणाली.

"वहिनी, आता कशाला..."

"विचार. नाही विचारत? मग ऐक. यांनी शिवली. वन्संनी बांधली. एक पीळ तू दिलास, आणि एक तुझ्या लेकीकडून देववलास. आणि मी? माझ्या हातात कात्री होती, बाई. ही, खुंटीवरची. मी ती परत टांगली. कारण माझी पोर मला म्हणाली, मला वाईट करू नको. मरताना श्वास मागायचा सोडून पोर चांगुलपणा मागत होती, एवढं चांगलं शिकवलं आपण तिला."

ती आत गेली आणि कसणी घेऊन आली. धुतलेली नव्हती. घामाचे पांढरे वळ होते, दोरीला आत्याचं रक्त होतं. दुकानाच्या काचेच्या कपाटात, रस्त्याच्या बाजूला, छोटे छोटे झगे लावलेले होते. आईने मधला झगा काढला आणि तिथे कसणी टांगली. आतली बाजू बाहेर करून, म्हणजे फासळ्यांच्या खुणा दिसतील अशी.

आत्या धावत बाहेर आली. "अगं काढ ते! भर रस्त्यात! पुरुष येतात-जातात! लाज नाही वाटत?"

"वाटते, वन्सं. म्हणूनच टांगली. घरात होती तेव्हा वाटत नव्हती."

"अरे, तू तरी बोल काहीतरी!" आत्या भावावर ओरडली.

मास्तर मशीनवर बसले होते. पाय पायडलवर होते. ते हलले नाहीत. मशीन बंद राहिलं, आणि त्यामुळे दुकानात बोललेला शब्द न् शब्द रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेला.

त्या दिवसापासून गल्लीतल्या पुरुषांना, ज्यांनी कसणी कधी पाहिलीच नव्हती, रोज कामावर जाताना ती बघावी लागली. कुणी मान वळवली. कुणी पलीकडच्या बाजूने जाऊ लागलं. कुणीतरी काचेवर चिखल फेकला. आईने तो पुसला. गिऱ्हाईक आटलं. आत्या मागच्या खोलीत बसून नख नसलेलं बोट दुसऱ्या हाताने चेपत असायची.

मग एका दुपारी बेकरीवाल्याची थोरली दुकानात आली. हातात गणवेशाचं तुटलेलं बटण होतं.

"काकू, एवढं लावून देता?"

आईने बटण घेतलं. सुईत दोरा ओवला. वर पाहिलं तर मुलीने शर्ट काढून दिला नव्हता. ती नुसती उभी होती. धापा टाकत. कपाटाच्या काचेतून दिसणाऱ्या त्या कॅनव्हासकडे तिने एकदा पाहिलं. मग ती वळली आणि काकूंकडे पाठ करून उभी राहिली.

आईने सुई खाली ठेवली. खुंटीकडे हात नेला, पण कात्री तिथे नव्हती. मास्तरांनी ती आधीच काढली होती. दांडा पुढे करून त्यांनी ती बायकोच्या हातात दिली, आणि दोघी आत गेल्यावर मुलीकडे न पाहता उठून पडदा ओढून घेतला.

पडद्यामागे करकर आवाज झाला. मग एक लांब, खोल, फाटल्यासारखा श्वास. धाकटी दारात खेळत होती. तो ऐकून ती थबकली. तिला वाटलं, आता कुणीतरी गाणं म्हणणार.

वाचकहो, कात्री तुमच्याही घरात कुठल्या तरी खुंटीवर आहेच.